सुभेदारांचे मौन

गेल्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या एका जिल्हा शिबिरात दोन दिवस राहण्याचा योग आला. विषयपत्रिकेवर शेतमालाचे भाव होते, कंत्राटी कामगारांचा प्रश्न होता, निधिसंकलन होते. परंतु रात्री जेवणे आटोपल्यावर पडवीत जी बैठक रंगली तिचा विषय कोणत्याही पत्रिकेवर नव्हता. साठी ओलांडलेले आठदहा साथी एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत सांगत होते. आपली मुले आपल्या मागे आली नाहीत, ही ती तक्रार. एकाचा मुलगा पुण्याच्या संगणक कंपनीत आहे आणि वडिलांच्या मोर्चामुळे वाहतूक अडते म्हणून त्यांच्याशी हुज्जत घालतो. दुसऱ्याच्या मुलीने, वडील आयुष्यभर नोंदणी विवाहाचा प्रचार करीत असता, पत्रिका जुळवून आणि मुहूर्त काढून लग्न केले. तिसऱ्याने बराच वेळ काही सांगितले नाही. नंतर खालच्या आवाजात म्हणाला, "माझा मुलगा आमच्या जातीच्या मंडळाचा कार्यवाह आहे." त्यावर कोणालाच बोलणे सुचले नाही. अखेर एक ज्येष्ठ साथी म्हणाले, "आपण गावाला विचार दिला, घराला द्यायचे राहून गेले. मुलांवर बालपणापासून संस्कार करायला हवे होते." सर्वांनी माना डोलावल्या.

मला मान डोलावता आली नाही. त्या साथींचे दुःख खोटे नव्हते, आणि त्यात माझाही वाटा आहे. परंतु बापाने मुलाला काय द्यावे, ह्या प्रश्नाचे उत्तर आपण 'संस्कार' ह्या एका शब्दात देऊन मोकळे होतो तेव्हा आपण कोणाची भाषा बोलत असतो, ह्याचा विचार करायला हवा. ह्या देशात बापाने मुलाला देण्याची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जात. तिच्या पाठोपाठ धंदा. चांभाराच्या पोराने रापी धरायची, कुणब्याच्या पोराने नांगर, भटजीच्या पोराने पळीपंचपात्र. त्याबरोबर कोणासमोर उभे राहायचे, कोणासमोर बसायचे, कोणाच्या विहिरीवर जायचे नाही, हे सारे शिक्षण शाळेत मिळत नव्हते. ते घरातच मिळत होते, बहुधा बापाकडून, आणि बहुधा प्रेमानेच. पोराला मार बसू नये म्हणून बाप त्याला वाकायला शिकवीत असे. हाही संस्कारच होता. तेव्हा मुलाने बापाच्या मागून चालावे ही अपेक्षा जेव्हा आपण विचाराच्या नावाने करतो, तेव्हा ती जुनीच अपेक्षा नवे कपडे घालून आलेली नाही ना, हे तपासणे आपले काम आहे.

चांगल्या शिकवणुकीने चांगले फळ येतेच असे मानणाऱ्यांनी आणखी एका घराकडे पाहावे. १९२८ च्या उन्हाळ्यात जवाहरलाल नेहरूंनी मसुरीला असलेल्या आपल्या दहा वर्षांच्या मुलीला पृथ्वीच्या आणि मानवाच्या आरंभाविषयी पत्रे लिहिली. पुढे १९३० ते १९३३ ह्या काळात तुरुंगातून जगाचा सगळा इतिहास तिला पत्रांतून सांगितला. जगातल्या किती राज्यकर्त्यांना बापाकडून असे शिक्षण मिळाले असेल? साम्राज्ये कशी कुजतात, हुकूमशहा कसे येतात, हे सारे त्यात आहे. आणि २५ जून १९७५ च्या रात्री देशात काय झाले हे ह्या पत्राच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. येरवड्याला आणि नाशिकला ज्यांनी ते एकोणीस महिने काढले त्यांतील काही वाचक आजही आपल्यात आहेत. ह्यावरून नेहरूंची पत्रे व्यर्थ गेली असा निष्कर्ष मी काढणार नाही. निवडणूक जाहीर करून हरलेली सत्ता सोडण्याचे बळही कदाचित त्याच पत्रांतून आले असेल. एवढेच म्हणायचे की बापाने सांगितलेले आणि मुलाने उचललेले ह्यांचा हिशेब सरळ व्याजाचा नसतो.

हा हिशेब मला एका दुसऱ्याच घरात अधिक नीट समजला. ते घर सुभेदार रामजी मालोजी सकपाळ ह्यांचे.

बाबासाहेबांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यांच्या वडिलांविषयी त्या मानाने थोडे. मराठी मन आईवर लिहिताना सैल होते, वडिलांवर लिहिताना अवघडते. रामजी मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या आंबडव्याचे. त्यांचे वडील मालोजी लष्करात होते, तेही लष्करात गेले. पुण्याच्या पंतोजींच्या शाळेत त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकी केली. सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. ज्या समाजाला गावात पाटी-पेन्सिल पाहायला मिळत नव्हती, त्याला लष्करी छावणीत शाळा मिळाली होती. त्या शाळेमुळे रामजी घडले, आणि रामजींमुळे पुढचे सारे घडले. इंग्रजी राज्याने लष्करातील महारांची भरती थांबविली तेव्हा त्याविरुद्ध अर्जविनंत्या करण्यातही ते पुढे होते, आणि त्या कामी त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांचे साहाय्य घेतल्याचे चरित्रकारांनी नोंदविले आहे. भीमरावाचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. चौदावे अपत्य. तो पाचसहा वर्षांचा असताना साताऱ्यास आई भीमाबाई वारली. कुबड असलेल्या आत्याने, मीराबाईने, त्याला वाढविले.

हे घर गोडीगुलाबीचे होते असे समजू नये. सुभेदारांचा कारभार लष्करी होता. पहाटे आणि सायंकाळी भजन, वेळेवर अभ्यास, ठरलेले पाठांतर. त्यात खुद्द वडिलांवरच मुलाचा राग बसण्याचा एक प्रसंग आला. रामजींनी दुसरे लग्न केले आणि नवी आई पहिल्या आईचे दागिने अंगावर घालून वावरू लागली. मुलाला ते सहन झाले नाही. बापाच्या अन्नावर राहायचे नाही, मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम धरायचे, असे त्याने ठरविले. प्रवासखर्चासाठी आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायचा बेत केला. तीन रात्री साधले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती आली तर तिच्यात अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने लाज वाटून त्याने पळण्याचा नाद सोडला आणि अभ्यासाला लागण्याचा निश्चय केला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच पुढे सांगितला आहे. पिशवीत दोन रुपये असते तर परळच्या एखाद्या गिरणीच्या खात्यात एक पोऱ्या वाढला असता. चरित्रे लिहिताना आपण बापाच्या शिकवणुकीला जे सगळे श्रेय देतो, त्यातले थोडे आत्याच्या रिकाम्या पिशवीलाही द्यायला हवे.

बापाच्या हाती काय नसते हेही त्याच वयात त्या मुलांनी पाहिले. १९०१ सालची गोष्ट. रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुले साताऱ्याहून त्यांच्याकडे निघाली. नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनावर उतरली, न्यायला कोणी आले नव्हते, कारण त्यांचे पत्र शिपायाच्या विसराळूपणामुळे वडिलांपर्यंत पोचलेच नव्हते. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने विचारपूस केली, जात कळताच पाच पावले मागे सरकला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. अखेर गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे असे ठरले. जवळ भरपूर जेवण होते, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून रात्र उपाशी गेली. सरकारी नोकरीत असलेल्या, सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या बापाला आपल्या मुलांसाठी तांब्याभर पाण्याची व्यवस्था वाटेवर करता आली नसती, पत्र मिळाले असते तरी ती त्याला स्वतः जाऊनच करावी लागली असती. शिस्त, स्वच्छता, चांगले कपडे, टापटीप बोलणे, जे जे घरात शिकविले होते ते सारे मुलांच्या अंगावर होते आणि मसूरच्या फलाटावर ते पाच मिनिटेही टिकले नाही. बापाच्या शिकवणुकीवर व्याख्याने देणाऱ्यांनी हा फलाट विसरू नये. घर सुधारले की समाज सुधारतो असे सांगणारी एक सोयीची विचारसरणी आहे, तिला ह्या फलाटावर उत्तर मिळते.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले. परळला डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत सरपण, भांडी आणि धूर, त्याच खोलीत सर्वांचे निजणे. निवृत्तिवेतन महिना पन्नास रुपयांच्या आसपास. थोरल्या आनंदरावाला शाळा सोडून नोकरी धरावी लागली, कारण दोघांना शिकविणे झेपण्यासारखे नव्हते. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. खोलीत दिवसा अभ्यास अशक्य, संध्याकाळी तर बोलायलाच नको. सुभेदारांनी त्यावर काढलेली तोड अशी. मुलाने लवकर निजायचे. उशाशी जाते, पायाशी शेळी. बापाने दोन वाजेपर्यंत जागे राहायचे. दोनला मुलाला उठवायचे आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर आपण आडवे व्हायचे. मग चिमणीच्या उजेडात, सारी चाळ झोपलेली असता, मुलाचा अभ्यास.

ह्या एका व्यवस्थेवर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यात उपदेश एका शब्दाचाही नाही. 'उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी' असले वचन म्हातारा तोंडावर फेकीत नाही. दोन माणसांना पुरेल एवढीच जागा आहे, ती वेळ वाटून घेतली की दोघांना पुरते, हा निव्वळ हिशेब आहे. त्यातला जागरणाचा वाटा बापाने आपल्याकडे घेतला. मुलाने काय पाहिले असेल? आपल्या अभ्यासाला किंमत आहे आणि ती कोणीतरी रोज रात्री रोखीने मोजतो आहे, एवढे त्याला कळले असणारच.

पुस्तकांचीही तीच कथा. हॉवर्डची इंग्रजी वाचने आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला रामजींनी मुलाकडून घोटून घेतली होती. परंतु मुलाची भूक पाठ्यपुस्तकांवर भागण्यासारखी नव्हती. तो नवे पुस्तक मागे आणि सुभेदार नाही म्हणत नसत. खिशात पैसे नसले की ते मुंबईत सासरी नांदणाऱ्या मुलींकडे जात. तिच्याजवळ रोकड नसली तर तिचा एखादा दागिना मागून घेत, मारवाड्याकडे गहाण टाकीत, पुस्तक आणून देत आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत पोचवीत. पुढल्या महिन्यात पुन्हा तोच फेरा. १९३० नंतरच्या दशकात दादरला 'राजगृह' उभे राहिले ते मुख्यतः ग्रंथांसाठी, हे आपण जाणतोच. त्या वास्तूचा पाया लेकीबाळींच्या गहाण दागिन्यांत आहे.

येथे थोडे थांबायला हवे. रात्री दोनला उठविले गेले ते मुलाला. दागिने उतरले ते मुलींच्या अंगावरचे. ह्यात सुभेदारांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या काळात, त्या गरिबीत, एकाच दिव्यात तेल घालता येत होते. पण बापाच्या शिकवणुकीची कथा सांगताना बहिणी फक्त दागिन्यांपुरत्या येतात आणि जातात, हे लक्षात न घेता ती कथा पुढे सांगणेही बरोबर नव्हे. ज्याच्यासाठी ते दागिने उतरले त्याच्या मात्र ते लक्षात राहिले असावे, असे मला वाटते. त्याकडे मी पुढे येतो.

आता त्या मौनाकडे. बाबासाहेबांनी १९५६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, बुद्ध आणि त्यांचा धम्म ह्यांवरील आपल्या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली तिच्यात वडिलांसंबंधी काही मजकूर आहे. ग्रंथ निघाला तेव्हा ती छापली गेली नव्हती, पुढे प्रकाशात आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी मिळवून वाचावी. त्यात ते सांगतात की वडील कबीरपंथी होते, मूर्तिपूजा मानीत नव्हते, तरी मुलांसाठी म्हणून घरी गणपती बसवीत, आणि ही विसंगती आपल्याला तेव्हाही आवडत नसे. रोज निजण्यापूर्वी महाभारताचा किंवा रामायणाचा काही भाग दोघा भावांना मोठ्याने वाचावा लागे. ऐकायला बहिणी असत आणि शेजारपाजारची माणसे जमत. असे कित्येक वर्षे चालले. मोठा झाल्यावर मुलाने वडिलांना प्रश्न केला. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अतिशूद्रांची मानहानी आहे ते आमच्याकडून का वाचून घेता? वडिलांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य म्हणून जन्मलो, तेव्हा तुमच्या मनात न्यूनगंड शिरण्याचा संभव आहे. द्रोण आणि कर्ण हे लहान स्थानावरून केवढे वर चढले, वाल्मीकी कोण होता आणि रामायणकर्ता कसा झाला, हे पाहिले म्हणजे तो जातो.

उत्तर चांगले आहे. त्या पिढीतल्या एका निवृत्त सुभेदाराकडून ह्याहून चांगल्या उत्तराची अपेक्षा करता येत नाही. पण मुलाचे समाधान झाले नाही. त्याने वडिलांना सांगितले की महाभारतातले एकही पात्र मला आवडत नाही. भीष्म-द्रोण बोलत एक आणि करीत दुसरे. कृष्णाचे चरित्र कपटाने भरलेले. रामही तसाच, शूर्पणखेशी, वालीशी आणि सीतेशी तो कसा वागला ते पाहा. आणि मग प्रस्तावनेत ते नोंदवितात की वडील गप्प राहिले, काही उत्तर दिले नाही. घरात बंड झाले आहे हे त्यांना कळले होते.

भजनी बापापुढे, ज्याच्या घरात रोज रात्री ही कथा होते, ज्याच्या हुकमाने ती होते, त्याच्या तोंडावर पोरगा हे बोलतो. ज्याने आयुष्य लष्करात काढले, जेथे वरच्याचा शब्द हाच कायदा, तो बाप थोबाडीत देत नाही. 'माझ्या घरात हे चालणार नाही' असे म्हणत नाही. पुस्तके बंद करीत नाही. दागिने गहाण टाकून पुस्तके आणणेही थांबवीत नाही, जी पुस्तके वाचूनच पोरगा असा बोलायला शिकला होता. मला ह्या मौनाची थोरवी वाटते. त्यात हार होती, बुचकळा होता, कदाचित दुःखही होते. पण त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळीही मुलगा मुलगाच होता.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. वस्तीतल्या लोकांनी सत्कार करायचे ठरविले तर सुभेदार आडवे आले. पोराच्या डोक्यात हवा जाईल, ही त्यांची हरकत. कृष्णराव अर्जुन केळुसकर, ज्यांना सारे दादा म्हणत, मध्ये पडले, त्यांनी सुभेदारांची समजूत घातली आणि सभा झाली. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. घरात रामायण-महाभारत, हातात बुद्धचरित्र. बापाने ते काढून घेतले नाही. ह्याच केळुसकरांच्या खटपटीने पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. बापाने आपल्या घराचे दार दुसऱ्या शिक्षकासाठी उघडे ठेवले, आणि मुलाच्या आयुष्याची दिशा ज्या पुस्तकाने ठरली ते त्या दारातून आत आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले त्याची एक वाट परळच्या त्या सभेपर्यंत मागे नेता येते. ती वाट वडिलांच्या पंथापासून दूर जाणारी होती. कबीराला मात्र त्या मुलाने कधी सोडले नाही, आपल्या तीन गुरूंत, बुद्ध आणि फुले ह्यांच्या जोडीला, त्याची गणना ते करीत राहिले. जबरदस्तीने ऐकविलेले महाभारत गेले आणि वडील स्वतःसाठी जे म्हणत ते कबीराचे राहिले. संस्कार कोणत्या मार्गाने जातो ह्याचा जर शोध घ्यायचाच असेल तर तो येथे घ्यावा.

शेवटचे मतभेदही मिटले नाहीत. बी. ए. झाल्यावर मुलाने बडोद्याच्या नोकरीत जाणे रामजींना पसंत नव्हते. १९१३ च्या जानेवारीत तो तरीही गेला. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परत येताना सुरतेच्या स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला आणि गाडी चुकली. मुंबईस पोचायला एक दिवस उशीर झाला. म्हाताऱ्याचे डोळे दाराकडे लागले होते. पाठीवरून हात फिरविला आणि २ फेब्रुवारीला प्राण सोडला. पोराने वडिलांचे ऐकले नव्हते, वडिलांनी त्याची वाट पाहणे सोडले नव्हते. दोन्ही एकाच वेळी खरे होते.

त्यानंतर सहा महिन्यांनी, १९१३ च्या ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्कहून त्या मुलाने वडिलांच्याच एका लष्करी मित्राला पत्र लिहिले. आईबाप मुलाला जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही आपल्या लोकांतली रूढ समजूत आता टाकून दिली पाहिजे, मुलाचे भवितव्य घडविणे आईबापांच्या हाती आहे, आणि मुलांच्या जोडीने मुलींना शिकविले तर आपली प्रगती पुष्कळ वेगाने होईल, असा त्या पत्राचा आशय. बाविशीतला तरुण, नुकताच पोरका झालेला, कोलंबियाच्या ग्रंथालयात बसू लागलेला. 'कर्म' हा शब्द ज्या धर्माने जन्माच्या साखळीत अडकवून ठेवला, तो त्याने उचलून बापाच्या हातात दिला. आणि लगेच मुलींचा विषय काढला. कोणते दागिने त्याच्या डोळ्यांपुढे होते हे त्याने लिहिलेले नाही. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची नोंद त्या अर्पणपत्रिकेत केली. वडिलांच्या श्रद्धेची नव्हे, शिक्षणासाठी त्यांनी काय सोसले त्याची.

(स्वतः बाबासाहेबांच्या वाट्याला बापपण फार कठोर होऊन आले. पाच अपत्यांपैकी चार अगदी लहानपणी गेली, १९२६ साली लाडका राजरत्न गेला तेव्हा ते किती खचले हे त्यांच्या पत्रांवरून कळते. एकटे यशवंतराव जगले. चळवळीने त्या घराकडून काय घेतले ह्याचा हिशेब कोणी मांडू नये हेच बरे.)

आता आपल्या पडवीतल्या बैठकीकडे परत येतो. त्या साथींनी मुलांना विचार दिला नाही, हे मला मान्य नाही. आपल्या घरांत विचार पुष्कळ दिला गेला. जेवताना दिला, प्रवासात दिला, नाव ठेवताना दिला. मुलांची नावे समता, क्रांती, मुक्ता ठेवली. आपल्या घरांत कमी पडले ते वेगळेच. मुलाने उलट बोलावे आणि बापाने गप्प बसावे असा प्रसंग किती घरांत आला? आपण दिवसभर लोकांसमोर बोलणारी माणसे, आणि उत्तर न देणे आपल्याला कमीपणाचे वाटते. मुलाने जागतिकीकरणाच्या बाजूने एक वाक्य उच्चारले की आपण त्याच्यापुढे तीन ठराव आणि दोन पुस्तके टाकतो. पोरगा वादात हरतो आणि घराबाहेर आपले मित्र शोधतो. जातीच्या मंडळात त्याचे म्हणणे निदान कोणी ऐकून तरी घेते, तेथे त्याच्याकडे काम सोपविले जाते. त्या तिसऱ्या साथीला हे मी रात्री सांगू शकलो नाही, कारण ते वेळेवर सुचले नाही. आणि दुसरे असे की पुस्तकासाठी, शिबिरासाठी, खटल्यासाठी ज्यांचे दागिने आपल्या घरांतून गहाण पडले त्यांना आपण विचार देण्याची आठवणही ठेवली नाही. तो चळवळीचा खर्च म्हणून वहीत गेला.

जातीच्या मंडळात गेलेला मुलगा आणि महाभारत नाकारणारा भीमराव ह्यांना मी एका मापाने मोजतो आहे असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. एक अन्यायाविरुद्ध उठला, दुसरा अन्यायाच्या छावणीत बसला. मुलाच्या प्रत्येक मताला मान डोलवावी असे मी म्हणत नाही. सुभेदारांनीही मान डोलावली नव्हती, त्यांच्या घरातले भजन चालूच राहिले. परंतु आपल्या मुलाचे बंड कोणत्या जातीचे आहे हे ऐकून घेतल्याशिवाय बापाला कसे कळणार? ते आधीच ठाऊक असल्यासारखे आपण वागतो.

दुसऱ्यांना सांगताना स्वतःचे लपविणे बरे नाही, म्हणून हेही लिहितो. माझी मुलगी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून मी तिला शिबिरांना नेत असे. आपल्या शिबिरांत भांडी घासणे, झाडणे, स्वयंपाक ह्यांच्या पाळ्या मुलामुलींना सारख्या लागतात, हे तिला फार आवडे. पंधराव्या वर्षी तिने येणे बंद केले. मी कारण विचारले. एका रविवारी दुपारी, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, ती म्हणाली, "बाबा, शिबिरात भाकऱ्यांची पाळी मुलांवरही असते. घरी ती तुमच्यावर कधी येते?" मी उत्तर द्यायला बसलो. कुटुंबसंस्थेचा इतिहास सांगितला, उत्पादनसंबंध सांगितले, समाजपरिवर्तनाचे टप्पे कसे असतात ते सांगितले. उत्तर अर्धा तास चालले. त्या अर्ध्या तासात शेगडीवरचा भात करपला. तो तिच्या आईने पुन्हा लावला.